दातेरी कडा आणि पडद्यावरचे भूत



संगणकावरील खेळांच्या चित्रांविषयी तुमच्या तोंडी दोन तक्रारी नेहमी असतात. पहिली अशी की, मोटारीचे छप्पर, विजेची तार, घराची कड अशा तिरप्या रेषा सरळ न दिसता जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दातेरी दिसतात. दुसरी अशी की, वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या मागे तिचीच एक पुसट आकृती रेंगाळत राहते. तिला तुम्ही ‘घोस्टिंग’ म्हणता. आपण तिला सरळ भूतच म्हणू. या तक्रारींवर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो. एक मित्र सांगतो, अमुक बंद कर. दुसरा सांगतो, तमुक चालू कर. आणि दोन्ही करून गुण आला नाही की तिसरा सांगतो, ग्राफिक्स कार्ड बदल. हा शेवटचा सल्ला आई-वडिलांच्या खिशाला हजारो रुपयांची चाट लावणारा असतो आणि पुष्कळदा त्याचा मूळ रोगाशी काडीचाही संबंध नसतो.

नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण जात नाही. मग संगणकाच्या बाबतीत तरी निदानाआधी उपचार का करावेत? माझे स्पष्ट मत असे आहे की, चित्रातील हे दोन दोष अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या आवाक्यातले आहेत, ते स्वतः तपासून पाहण्याजोगे आहेत, आणि तपासल्यावाचून एक पैसाही खर्च करू नये. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो: हे दोन दोष एकमेकांचे नातेवाईक आहेत. पहिल्यावर जो उपाय आज सर्रास केला जातो, त्याच्याच पोटी दुसरा पुष्कळदा जन्म घेतो.

प्रथम दातांचा विचार करू. आलेख-कागद घ्या. आडवे २० चौकोन मोजा, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यापासून अशी रेघ ओढा की २० चौकोन पुढे जाताना ती ३ चौकोन वर चढेल. आता नियम असा: ज्या चौकोनाचा मध्यबिंदू रेघेच्या खाली येतो तो पूर्ण काळा करावयाचा, ज्याचा वर राहतो तो कोरा ठेवावयाचा. पहिले ३ स्तंभ कोरे राहतील, मग ७ चौकोनांची एक पायरी, पुन्हा ७ चौकोनांची दुसरी, आणि शेवटी ३ चौकोनांची तिसरी. रेघ गेली, जिना उरला! दसुतीवर फुल्यांचे भरतकाम करणाऱ्या तुमच्या आजीला हे मुळीच नवे नाही. गोल फुलाची पाकळी दसुतीवर पायऱ्यापायऱ्यांनीच उतरते.

संगणकाचा पडदा हा असाच आलेख-कागद होय. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० चौकोन असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलच्या मध्यावर ‘येथे काय आहे?’ असे एकदाच विचारायचे आणि मिळेल तो रंग सगळ्या चौकोनाला फासायचा, ही चित्र काढण्याची सर्वांत स्वस्त रीत. वाचक चाणाक्ष असतील तर त्यांच्या ध्यानात आले असेल की अगदी आडव्या व अगदी उभ्या रेषेला दात येत नाहीत. ४५ अंशांच्या रेषेचे दात बारीक आणि एकसारखे असतात. सर्वांत खुपतात त्या जेमतेम कललेल्या रेषा, कारण त्यांच्या पायऱ्या लांबलचक असतात.

येथे कोणी म्हणेल, पिक्सेल इतका लहान असताना त्याची पायरी डोळ्याला दिसावीच कशी? प्रश्न रास्त आहे. २४ इंची पडद्यावर या पिक्सेलची बाजू सुमारे ०.२८ मिलिमीटर भरते. शेजारी असलेले दोन ठिपके वेगळे ओळखण्याची निरोगी डोळ्याची मर्यादा साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, मानतात. या हिशेबाने ९५ सेंटिमीटर अंतरावर बसले की एकेक पिक्सेल वेगळा दिसणे थांबावयास हवे. तरीही त्या अंतरावरून दात दिसतात! याचे उत्तर तुमच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरमध्ये आहे. दोन रेघा एका ओळीत आहेत की किंचित सरकलेल्या आहेत, हे ओळखण्यात आपला डोळा विलक्षण तरबेज आहे; कलेच्या काही अंशाइतका, म्हणजे अवघ्या काही विकलांचा खंडही त्याला जाणवतो. या गुणावरच तर व्हर्निअरचे वाचन उभे आहे. जिन्याची प्रत्येक पायरी हा नेमका असा रेघेतला खंड असतो. तेव्हा खुर्ची मागे सरकवण्याने दात कमी होतील, पण जाणार नाहीत.

या दोषाला इंग्रजीत एलिअसिंग म्हणतात. ‘एलिअस’ म्हणजे ऊर्फ, खोटे नाव. तुरळक जागी नमुने घेतले की बारीक तपशील स्वतःच्या नावाने न येता भलत्याच नावाने समोर येतो. बारीक रेघांचा सदरा घातलेला माणूस दूरदर्शनवर आला की त्याच्या अंगावर लाटा उठलेल्या दिसतात. सिनेमातील धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते. हे सर्व एकाच कुळातले. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली अधिक व्यापकपणे यामागचे गणित मांडले: संदेशातील सर्वांत जास्त वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले तरच तो संदेश जसाच्या तसा परत उभा करता येतो. संगणकाने काढलेल्या चित्रांना हे लागू करून फ्रँकलिन क्रो यांनी १९७७ साली दाखवून दिले की, घोटाळा तीन ठिकाणी होतो: कडांवर, अतिशय लहान वस्तूंत आणि दाट तपशिलाच्या भागांत. आजचा कोणताही खेळ उघडा, दोष याच तीन जागी सापडेल.

म्हणून निदानाची पहिली पायरी: खेळातले पात्र एका जागी उभे करा आणि दात नेमके कोठे आहेत ते पाहा.

सगळेच चित्र, अक्षरांसकट, ओबडधोबड किंवा पुसट असेल तर बहुधा खेळाने पडद्याच्या मूळ मापाहून लहान चित्र काढलेले असते. १२८० × ७२० चे चित्र १९२० पिक्सेलांवर ताणले की मूळच्या एका पिक्सेलच्या वाट्याला दीड पिक्सेल येतो, आणि दीड पिक्सेल म्हणून काही वस्तू नसते. सेटिंगमध्ये पडद्याचे रिझोल्यूशन आणि ‘रेंडर स्केल’ दोन्ही पाहा. दुसऱ्याचा आकडा १०० हून खाली असेल तर अर्धी तक्रार तेथेच मिटते. केवळ सावल्यांच्या कडा दातेरी असतील तर कडा मऊ करण्याच्या सेटिंगशी झगडत बसू नका. सावल्या वेगळ्या, स्वतःच्या लहान आलेख-कागदावर काढलेल्या असतात. त्यांची प्रत वाढवली की तो कागद बारीक होतो. लांबवरचा रस्ता किंवा फरशी चमचमत असेल तर तो पृष्ठावरील नक्षीचा दोष, आणि त्यावर ‘अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग’ १६ पर्यंत नेणे हा स्वस्त व गुणकारी उपाय. उरल्या वस्तूंच्या बाह्य कडा, तारा, जाळ्या आणि झाडांची पाने. येथे खरा प्रश्न सुरू होतो.

पुन्हा आलेख-कागदाकडे या. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एकदाच विचारण्याऐवजी चार जागी विचारा, आणि चारपैकी जितकी उत्तरे ‘होय’ येतील तितक्या प्रमाणात पेन्सिलीने चौकोन गडद करा. कागद हातभर लांब धरा. जिना विरघळून रेघ परत येते. उपाय चोख आहे, पण हिशेब पाहा: २०,७३,६०० ची चौपट म्हणजे ८२,९४,४००, म्हणजे थेट ‘फोर-के’ पडद्याइतके काम. म्हणून एमएसएए ही काटकसरीची रीत निघाली. तीत वस्तूने पिक्सेल किती व्यापला हे चार जागी तपासतात, रंग मात्र एकदाच काढतात. तिच्याने घराच्या कडा सुरेख होतात; झाडाची पाने मात्र होत नाहीत, कारण खेळातले पान हे बहुधा सपाट पत्र्यावर रंगवलेले चित्र असते आणि त्याची कड त्या पत्र्याच्या आत कोठेतरी असते. शिवाय आजच्या बहुतेक खेळांची चित्र रंगवण्याची पद्धत अशी आहे की तीत एमएसएए महाग पडते. याच कारणाने ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण-पटलातून ती जबरदस्तीने चालू केली तरी नव्या खेळांवर सहसा काहीच परिणाम होत नाही. तेथे तासन् तास घालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

२००९ साली एनव्हिडियाचे टिमोथी लॉट्स यांनी एफएक्सएए आणली. ती पूर्ण झालेले चित्र पाहून जेथे दात दिसतील तेथे बोट फिरवल्यासारखे रंग मिसळते. ती फार स्वस्त आहे, पण जी तार दोन पिक्सेलांच्या मधून निसटली ती तिला कशी सापडणार? जे विचारलेच नाही त्याचे उत्तर नंतर तयार करता येत नाही.

मग युक्ती अशी निघाली की, चार जागी एकाच क्षणी विचारण्याऐवजी चार वेगवेगळ्या फ्रेममध्ये एकेका जागी विचारावे आणि उत्तरे साठवत जावे. हीच टीएए. २०१४ साली सिग्राफ परिषदेत एपिक गेम्सचे ब्रायन कॅरिस यांनी अनरिअल इंजिन ४ मधील आपली पद्धत सविस्तर मांडली, आणि पुढे हा मार्ग सर्वत्र रुळला. २०२० ची डीएलएसएस २ आणि २०२२ ची एफएसआर २ या चित्र मोठे करणाऱ्या पद्धतीही मागील फ्रेमच्या साठवणीवरच जगतात. स्थिर चित्रात टीएएचे काम पाहून थक्क व्हावयास होते. पण यात भूतकाळाकडून उसनवारी आहे, आणि जग हलू लागले की भूतकाळ वर्तमानाशी जुळत नाही.

समजा, पडद्यावरचे चित्र ०.१ भाग नव्या फ्रेमचे आणि ०.९ भाग जुन्या साठवणीचे आहे. एखादी मोटार तेथून निघून गेली तरी तिचा अंश दर फ्रेमला ०.९ ने गुणला जात कमी होतो: सातव्या फ्रेमला ०.४८, बाविसाव्या फ्रेमला सुमारे ०.१. किरणोत्सर्गी ऱ्हासाचा आणि संधारित्राच्या विसर्जनाचा जो आलेख तुम्ही वहीत काढता, तोच हा! आता कालावधी काढा. सेकंदाला ३० फ्रेम मिळत असतील तर २२ फ्रेमना ०.७३ सेकंद लागतात, ६० असतील तर ०.३७, आणि १२० असतील तर ०.१८. म्हणजे सावल्या व प्रतिबिंबे यांची प्रत थोडी कमी करून फ्रेमची गती दुप्पट केली तर, भुताला हातही न लावता, त्याचे आयुष्य निम्मे होते. हा उपाय मला फारसा कोणी सुचवताना दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

अर्थात खेळ बनवणारे इतके भोळे नसतात. वस्तू मागच्या फ्रेममध्ये कोठे होती याची नोंद ते ठेवतात, साठवण तेथून उचलतात, आणि आजूबाजूच्या रंगांशी न जुळणारी साठवण छाटून टाकतात. परंतु धूर, पाऊस, ठिणग्या, काचेपलीकडच्या वस्तू यांची अशी नोंद पुष्कळदा नसते. आणि मोटार पुढे गेल्यावर तिच्यामागे जो रस्ता नव्याने उघडा पडतो, त्याला तर इतिहासच नसतो. भुते नेमकी येथे दिसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एएमडीने एफएसआर २.२ आणली तेव्हा वेगवान वस्तूंमागील ही छाया कमी करणे हा तिचा जाहीर हेतू होता. मोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांनाही जे छळते त्याबद्दल तुम्ही स्वतःच्या यंत्राला दोष देऊन उपयोग नाही.

चित्र मोठे करणाऱ्या पद्धती वापरत असाल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. १९२० × १०८० च्या पडद्यावर ‘परफॉर्मन्स’ निवडले की खेळ प्रत्यक्षात ९६० × ५४०, म्हणजे ५,१८,४०० पिक्सेलच काढतो. उरलेले तीन चतुर्थांश तो इतिहासातून आणि अंदाजातून भरतो. ‘क्वालिटी’ निवडल्यास १२८० × ७२० काढतो. उसने जितके जास्त, तितके भूत ठळक.

हे झाले खेळाच्या पोटातले भूत. दुसरे भूत मॉनिटरमध्ये राहते, आणि या दोघांची गल्लत हीच साऱ्या फुकट खर्चाची जननी आहे. (तिसऱ्या एका भुताची ओळख तुमच्या आजी-आजोबांना विचारा. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, त्यानंतर कित्येक वर्षे डोंगरावरून वा उंच इमारतीवरून परावर्तित झालेली लहर उशिरा पोहोचून पडद्यावर उजवीकडे दुसरी आकृती उमटवीत असे. ३०० मीटरचा फेरा म्हणजे १ मायक्रोसेकंदाचा उशीर. चित्राची एक रेघ ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाई. म्हणून भूत पडद्याच्या रुंदीच्या बावन्नाव्या भागाइतके सरकलेले दिसे. त्यावर उतारा एकच: गच्चीवर जाऊन अँटेना फिरवणे!)

खेळातले भूत आणि मॉनिटरमधले भूत वेगळे करण्याची कसोटी अगदी सोपी आहे. भूत दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या. मग खेळ बंद करून ते स्थिर चित्र शांतपणे पाहा. त्यात भूत असेल तर ते खेळाने काढलेले आहे. नसेल तर संगणकाने चित्र शुद्ध काढून दिले होते आणि बिघाड पुढे, पडद्यात, झाला. अशा वेळी लाख रुपयांचे कार्ड बसवले तरी भूत जागचे हलणार नाही. कसोटीपूर्वी ‘मोशन ब्लर’ तेवढे बंद ठेवा. ती पुसटता खेळ मुद्दाम घालतो.

पडद्यात काय होते? द्रवस्फटिकाचे रेणू विद्युतक्षेत्राच्या हुकमाने वळतात, पण ते चिकट द्रवात असल्याने वळावयास वेळ घेतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर ६.९. काही पडद्यांत, विशेषतः ‘व्हीए’ जातीच्या, काळ्यापासून करड्याकडे जावयास २० मिलिसेकंदांहूनही अधिक काळ लागतो. मग अंधाऱ्या दृश्यात वस्तूमागे काळी शेपटी न दिसली तरच नवल. यावर ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाची सोय मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत असते. काही कंपन्या तिला ‘रिस्पॉन्स टाइम’ म्हणतात. ती रेणूंना क्षणभर गरजेपेक्षा जास्त जोराने ढकलते. जोर कमी पडला तर शेपटी राहते. जास्त झाला तर रेणू मुक्कामापुढे जातात आणि वस्तूमागे उलट्या रंगाची उजळ कड उमटते. कमाल पायरी बहुधा फार होते. मधल्या पायरीपासून सुरुवात करावी. त्याचबरोबर विंडोजमध्ये पडद्याची वारंवारता पाहून घ्या. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आणून तो महिनोन् महिने ६० वर चालवणारे लोक कमी नाहीत.

एवढे करूनही जी किंचित पुसटता उरते ती तुमच्याच डोळ्याची. एका सेकंदात पडदा पार करणारी वस्तू ६० हर्ट्‌झला दर फ्रेमला ३२ पिक्सेलांची उडी घेते. डोळा सलग सरकतो, चित्र मात्र सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत जागीच उभे असते, आणि ते दृष्टिपटलावर तितकेच ओढले जाते. रेणूंचा प्रश्नच नसलेल्या ओएलईडी पडद्यावरही हे टळत नाही. १२० हर्ट्‌झला ते निम्मे होते.

दात बरे की भूत, हा ज्याच्या त्याच्या कामाचा प्रश्न आहे. क्रिकेटच्या किंवा शर्यतीच्या खेळात मी दात पत्करीन, कारण हिरव्या मैदानावर पांढऱ्या चेंडूला शेपूट फुटली तर खेळणेच अशक्य. डोंगरदऱ्यांतून सावकाश हिंडण्याच्या खेळात मात्र टीएए चालू असावी; तेथे पानापानाची चमचम अधिक त्रास देते. ‘शार्पनेस’ वाढवून दोन्ही साधू पाहणाऱ्यांनी सांभाळावे, तिने दात परत उगवतात.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. एखादा विद्यार्थी ही तक्रार घेऊन आला तर ‘आधी अभ्यास कर’ म्हणून त्याला परत पाठवू नये. एका वेळी एकच सेटिंग बदलणे, बदलण्यापूर्वीची स्थिती लिहून ठेवणे, त्याच जागी उभे राहून स्क्रीनशॉट घेणे आणि फ्रेमची गती तक्त्यात भरणे, हा जो प्रयोग तो घरी हौसेने करील तो आपल्या प्रयोगशाळेत उत्तर पाठ असताना उरकल्या जाणाऱ्या कित्येक प्रयोगांहून सरस आहे. नमुने घेण्याचे तत्त्व समजावून द्यावयास यापेक्षा जिवंत उदाहरण सहसा मिळत नाही.

नाशिक, पुणे किंवा महाबळेश्वरच्या वाचकांसाठी एक जादा प्रयोग आहे. थंडीने द्रवस्फटिकाचा चिकटपणा वाढतो. डिसेंबरातील एखाद्या गार पहाटे मॉनिटर सुरू केल्याबरोबर काळ्या पार्श्वभूमीवर एक करडी खिडकी वेगाने इकडून तिकडे ओढा आणि तिच्या शेपटीची लांबी अंदाजे मोजा. अर्ध्या तासाने, पडदा तापल्यावर, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे खोलीच्या तापमानासह वहीत लिहून ठेवा.